उन्नतीने नाव सांगितलं नाही

"पोरीला बोलायला नको शिकवू, बाय. तिचं ती बोलंल," शकूमावशी म्हणाली, आणि मी हसले.

हातात वांगं होतं, ते तिच्या पाटीत परत टाकलं आणि म्हटलं, "मावशी, तुम्ही वांगी ताजी आणा. बाकीचं मी बघते." बी.ए.ला मानसशास्त्र होतं माझं. बालमानसशास्त्राच्या पेपरात अठ्ठावन्न मार्क. दारावरच्या भाजीवालीने मला मुलांबद्दल सांगावं?

मावशी चिडली नाही. डोक्यावरची चुंबळ नीट करत म्हणाली, "मना बी शिकवलेला. आमच्या जमिनीच्या केसमदी. वकील बोलला, असा असा बोल. मी तसाच बोलली. सायब हसला. बोलला, आता तुजा सांग. तर मना माजा काय आठवंच ना."

पाटी उचलून द्यायला मी हात लावला. ती जिना उतरून गेली. मी दार लावलं, कडी घातली, कडी नीट बसली का ते पुन्हा ओढून पाहिलं आणि आत येऊन उन्नतीला म्हटलं, "हं, चल. पहिल्यापासून."

ही गोष्ट नव्याण्णव सालची. विरारजवळ बोळिंजला आमची बिल्डिंग नवी होती, भिंतींना अजून चुन्याचा वास यायचा. तिसऱ्या मजल्यावर चार फ्लॅट, त्यातले दोन कुलुपात. कोणीतरी घेऊन ठेवलेले. राहिलो आम्ही आणि समोरचे जयवंत सापळे. जिन्यात कोणी शिंकलं तरी घुमायचं. कल्पेश, म्हणजे माझा नवरा, सकाळी सहाला जायचा तो रात्री नऊला उगवायचा, जेवायचा आणि झोपायचा. हर्षवर्धन आठ महिन्यांचा होता. तो झोपला की मी दर पंधरा मिनिटांनी त्याच्या नाकाखाली बोट धरायचे. एकदा मी मोजलं होतं, दिवसभरात मोठ्या माणसाशी बोललेली माझी वाक्यं. अकरा भरली. त्यातली चार पाववाल्याशी.

करायला काही नसलं की माणूस बघत बसतो. मी बघायचे. दाराच्या भिंगातून, गॅलरीतून, स्वयंपाकघराच्या जाळीतून. जयवंतभाऊ सातिवलीला एका प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. त्यांनी कायमची पहिली पाळी मागून घेतली होती आणि त्यासाठी बढती सोडली होती, हे मला खालच्या मजल्यावरून कळलं. त्यांची बायको विनया दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीला माहेरी गेली ती परत आली नव्हती. घटस्फोटाचा अर्ज झाला होता. मुलगी वडिलांकडे होती, पण ते तात्पुरतं. कायमची कोणाकडे राहणार, हे कोर्ट ठरवणार होतं.

मुलगी म्हणजे उन्नती. सात वर्षांची, दुसरीत. साडेबाराला शाळेतून यायची, माझ्याकडून त्यांच्या घराची चावी घ्यायची, दप्तर घरात टाकायची आणि चावीसकट परत माझ्याकडे यायची. चार वाजता स्कूटरचा आवाज आला की जायची. त्यांच्या दाराची दुसरी चावी माझ्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असायची. आमच्याकडे तेव्हा सगळेच अशी चावी शेजारी ठेवत. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि पाणी आलं तर ज्याच्या घरात माणूस आहे त्याने दोन्ही घरांच्या टाक्या भरायच्या, हा अलिखित नियम होता. मी त्यांच्या घरात जायचे, पिंप भरायचे आणि येताना काय काय बघून यायचे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीची एक वेणी बांधलेली असायची. जयवंतभाऊ तिच्यावर सराव करायचे. खरी वेणी तरीही वाकडीच यायची. एक रिबीन कानाजवळ, दुसरी मानेवर.

साडेबारा ते चार. त्या साडेतीन तासांसाठी मी सकाळपासून जगत होते, असं आज म्हणता येतं. तेव्हा मी म्हणायचे, "बिचारी पोर, तिला कोण आहे?"

त्या वर्षी दिवाळीनंतर जितेशने तो सिनेमा लावला. जितेश आमचा केबलवाला. तळमजल्यावर त्याचं एका खोलीचं ऑफिस होतं, तिथून तो रोज दुपारी दीड वाजता आपल्या चॅनेलवर सिनेमा सोडायचा. खाली जाहिरातींची पट्टी फिरायची. साडीचा सेल, इंग्लिशचे क्लास, उद्या टँकर येणार नाही. बायका फोन करून फर्माईश सांगायच्या. हा सिनेमा कोणाच्या फर्माईशीचा होता माहीत नाही, पण तीन आठवड्यांत चारदा लागला. हिंदी, नवरा-बायकोच्या घटस्फोटाचा. बायको सोडून जाते, नवरा मुलाला एकट्याने वाढवतो, मग ती परत येऊन कोर्टात मूल मागते. शेवटी जज मुलालाच विचारतो. तो चिमुरडा पिंजऱ्यात उभा राहतो, हात जोडतो आणि म्हणतो, मला दोन घरं नकोत, मला एकच दार हवं, माझे बाबा ज्या दाराची कडी काढतात ते. जजच्या डोळ्यांत पाणी. आईच्या डोळ्यांत पाणी. आई स्वतःच म्हणते, घेऊन जा याला. आणि खाली पट्टी फिरत असते की ब्लाउज एका दिवसात शिवून मिळतील.

सगळी बिल्डिंग रडली. दुसऱ्या दिवसापासून जयवंतभाऊंकडे डबे जायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या रोझलिन आंटींनी केक पाठवला, कोणी अळूवड्या, कोणी शिरा. जयवंतभाऊ गोंधळले. मला म्हणाले, "वहिनी, आज कुठला सण आहे का?"

"नाही, असंच. लोकांना वाटतं तुमच्याबद्दल."

"काय वाटतं?"

मी म्हटलं, "चांगलं वाटतं."

"मग डबे जरा एकाआड एक पाठवायला सांगा. काल दोघांनाही शिरा बाधला."

मी विनयाला पाहिलं होतं. दर दुसऱ्या शनिवारी ती उन्नतीला न्यायला यायची. वर यायची नाही, फाटकाबाहेर उभी राहायची. सुती साडी, खांद्याला ऑफिसची पर्स, ऊन असो-नसो छत्री. मुलगी धावत गेली की आधी तिची नखं बघायची. सिनेमातली आई पार्ट्यांना जायची, गॉगल लावायची. ही तशी नव्हती, हे मी गॅलरीतून स्वच्छ बघत होते. पण जे बघितलं ते मी बाजूला ठेवलं. सिनेमा सोपा होता.

डिसेंबरात जयवंतभाऊ म्हणाले, "पुढच्या मंगळवारी तारीख आहे. जजबाई उन्नतीशी एकटीशी बोलणार आहेत. चेंबरमध्ये."

"मग? तुम्ही काही सांगून ठेवलंत तिला?"

"वकील म्हणाले, सांगा. मी नाही सांगणार." ते स्कूटरची किल्ली बोटात फिरवत होते. "तिला काय बोलायचं ते तिने बोलावं. विनया काही वाईट आई नाही हो. आमचं पटलं नाही, एवढंच. मी शिकवलं आणि जिंकलो, तर पोरीकडे बघू कसा?"

मला वाटलं, काय भोळा माणूस. हा हरणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरणभात कालवता कालवता उन्नतीनेच विचारलं, "काकी, त्या जजबाईंना मी काय सांगू?"

"तुला काय सांगावंसं वाटतं?"

तिने विचार केला. भाताचा घास गालात तसाच. "सांगीन की आईकडे पंखा मोठा आहे आणि आजी गोष्ट सांगते. पण बाबा सकाळी मला बूट घालतात ना, तेव्हा माझा पाय त्यांच्या गुडघ्यावर ठेवतात. म्हणून त्यांच्या पँटला रोज माझ्या बुटाचा डाग पडतो. कंपनीत गेल्यावर तो दिसतो त्यांना. मी गेले तर पँट स्वच्छ राहील. मग त्यांना कंपनीत करमणार नाही."

मी हे ऐकलं, अगदी नीट ऐकलं. आणि म्हटलं, "अगं, पँटीचं काय सांगतेस जजना! आणि आईच्या पंख्याचं तर अजिबात नको. असं बोललीस तर ते तुला आईकडेच पाठवतील. कायमचं."

तिने घास गिळला. "कायमचं म्हणजे शाळापण तिकडे?"

"शाळा, मैत्रिणी, सगळं. हर्षू इथे, मी इथे, बाबा इथे. तू तिकडे."

तिचा चेहरा उतरला. मी घाबरवलं तिला. मुद्दाम नाही, पण घाबरवलं. मग म्हटलं, "तो सिनेमा आठवतो ना? तो मुलगा काय म्हणाला?"

चार दिवस दुपारी आम्ही तालीम केली. मी पलंगावर जज होऊन बसायचे, मांडीवर हर्षू. ती स्टुलावरून उठायची, हात जोडायची, माझ्या मराठीतलं वाक्य म्हणायची. "मला दोन घरं नकोत. मला एकच दार हवं, माझे बाबा ज्या दाराची कडी काढतात ते." दुसऱ्या दिवशी ती 'कडी'पाशी अडखळली. मी म्हटलं, तिथे जरा थांबायचं, मग बोलायचं, तसंच चांगलं वाटतं. तिसऱ्या दिवशी शकूमावशी दारात पाटी टेकून हे सगळं बघत उभी होती, तेव्हाचं ते बोलणं. चौथ्या दिवशी उन्नती न चुकता म्हणाली आणि हर्षूने टाळ्या वाजवल्या.

"आणि कोणी शिकवलं असं विचारलं तर?" मी म्हटलं.

"तेजस्वीकाकीने."

"नाही गं! कोणी नाही म्हणायचं. कितीही विचारलं तरी कोणी नाही. देवाची शपथ?"

तिने गळ्याला चिमटा घेतला. "शपथ."

मंगळवारी जयवंतभाऊंनी तिला निळा फ्रॉक घातला. बूट घालताना दार उघडंच होतं. मी भिंगातून बघत होते. त्यांच्या गुडघ्यावर तिचा पाय.

ते दोघं तीनच्या सुमाराला परतले. उन्नती धावत माझ्याकडे आली, माझा पदर ओढून मला खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "काकी, मी सगळं बरोबर म्हटलं. थांबलेपण. त्यांनी तीनदा विचारलं. पण मी तुमचं नाव नाही सांगितलं."

मी तिला चॉकलेट दिलं. हे लिहायला लाज वाटते, पण दिलं.

संध्याकाळी जयवंतभाऊ दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. वकिलांकडून जे कळलं ते त्यांनी सांगितलं. जजबाईंनी उन्नतीला बिस्कीट दिलं, शाळेचं विचारलं, आणि मग कुठे राहायला आवडेल असं विचारताच ती खुर्चीतून उठून उभी राहिली आणि हात जोडून एक वाक्य बोलली. जजबाईंनी बिस्किटाचा पुडा मिटला. कोणी शिकवलं, बाळ? कोणी नाही. बाबांनी? कोणी नाही. खरं सांग, कोणी रागावणार नाही. कोणी नाही. त्यानंतर ती काहीच बोलली नाही. आईबद्दल विचारलं तरी नाही, बाबांबद्दल विचारलं तरी नाही. नुसती टेबलाकडे बघत राहिली.

"वकील म्हणतात, बाईंचं मत झालंय की मी पोरीला पढवून आणलं. दबाव टाकला. वीस दिवसांनी निकाल आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वाक्यं मध्येच संपत होती. "वकील म्हणतात, दुसऱ्या कोणी शिकवलं असेल आणि त्या माणसाने येऊन लिहून दिलं, तर अजून काही होऊ शकेल. वहिनी, ती दुपारी तुमच्याकडे असते. असं काही बोललेली का कधी? कुठून आलं हे वाक्य तिच्या डोक्यात?"

आत हर्षू रडायला लागला. मला वाटलं, बरं झालं.

"मला नाही बाई आठवत," मी म्हटलं. "शाळेत नाटकबिटक असेल."

"हो. असेल." ते म्हणाले आणि वळले.

मी कल्पेशला सांगितलं. तो म्हणाला, "तू गप्प बस. कोर्टाच्या भानगडीत आपलं नाव नको." हे मी त्याच्यावर ढकलत नाही. त्याला विचारण्याआधीच मी गप्प बसलेली होते. मला वाटत होतं, वीस दिवस आहेत, उद्या सांगू. उद्या त्यांच्या स्कूटरचा आवाज आला की मी स्वयंपाकघरात जायचे. आणि दुपारी उन्नती आली की सगळं इतकं नेहमीसारखं असायचं, ती घोडा होऊन हर्षूला फिरवायची, भिंतीवरची पाल शोधायची, की मला वाटायचं, असंच राहील. कोण हिला नेतंय?

जानेवारीत नेलं. निकालात मुलगी आईकडे, वडिलांना महिन्यातले दोन शनिवार. विनया त्या दिवशी पहिल्यांदा वर आली. दारात माझ्यासमोर थांबली. "तुम्ही तिला दुपारी जेवायला घालायचात ना? ती सांगते. थँक्यू," म्हणाली. मी तिच्या छत्रीकडे बघत राहिले. उन्नती काही रडली नाही. जाताना माझ्याकडे वळून तिने गळ्याला चिमटा घेतला, शपथेचा, आणि जिना उतरली.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी जितेशने तो सिनेमा पुन्हा लावला. माझा टीव्ही बंद होता. पण समोरच्या बंद दारातून आवाज येत होता. रिकाम्या मजल्यावर सगळं ऐकू यायचं, सांगितलंच मी. मी आमच्या दाराला कान लावून उभी होते. कोर्टाचा सीन आला. तो मुलगा बोलला, मध्ये थांबला, पुन्हा बोलला. मग गाणं लागायला हवं होतं, ते लागलं नाही. त्यांनी टीव्ही बंद केला होता.

पाचेक मिनिटांनी बेल वाजली.

जयवंतभाऊ उभे होते. रविवार असून कारखान्याचीच पँट घातलेली. म्हणाले, "वहिनी, आमची चावी द्या. आता लागणार नाही."

मी खिळ्यावरून चावी काढून आणली. त्यांच्या हातात देताना ती खाली पडली. ती उचलायला ते एका गुडघ्यावर बसले. मी वरून बघत होते. पँट गुडघ्यावर स्वच्छ होती.

"तीनदा विचारलं होतं तिला," ते उठत म्हणाले. "मी पण विचारलं, नंतर. घरी. एकदा तर ओरडलो तिच्यावर. नाही सांगितलं तिने."

"भाऊ, मी..."

"तुमच्यावर जीव आहे तिचा," ते म्हणाले आणि आपल्या घरात गेले. दार आपटलं नाही. नेहमीसारखं हळूच लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

ते रागावले असते तर मी माफी मागितली असती. त्यानंतर तीन वर्षं आम्ही समोरासमोर राहिलो. ते दिसले की "काय वहिनी" म्हणायचे, मी "हो" म्हणायचे. पाणी आलं की मी माझंच पिंप भरायचे. दोन हजार तीनमध्ये कल्पेशची नाशिकला बदली झाली, आम्ही घर विकलं. निघताना मी त्यांची बेल वाजवली नाही. पहिली पाळी होती, ते घरात नव्हतेच. मी वेळ बघूनच सामान काढलं होतं.

आता दोन हजार सात. हर्षवर्धन तिसरीत आहे. तो काही सांगायला लागला की मी मध्ये बोलत नाही. कितीही वेळ लागला, कितीही भलतंच बोलला, तरी ओठ दाबून बसते. उन्नती पंधरा वर्षांची असेल. ती आजही ते नाव सांगत नसेल.

मी जयवंतभाऊंना दोन पत्रं लिहिली. दुसऱ्यात सगळं कबूल केलं. उत्तर आलं नाही. रोझलिन आंटींना मध्ये फोन केला होता. त्या म्हणाल्या, "कारखाना बंद झाला गं सातिवलीचा. तो माणूस आता खाली उतरतच नाही फारसा. आधी शनिवारी मुलगी यायची, आता दहावीचे क्लास असतात तिला. परवा त्याच्या दाराशी पेपर साठलेले बघितले मी." मग त्यांचा गुडघा, त्यांची मुलगी दुबईला, असं त्या बोलत राहिल्या. मी विचारलं, "किती पेपर होते?" त्यांनी मोजले नव्हते. आणि आता त्याही मुलीकडे गेल्या आहेत, त्यांचा फोन नुसता वाजतो.

मी जाऊ शकले असते. नाशिक काही परदेश नाही. दोनदा बॅग भरली. पण ते दार उघडून माझं तोंड बघून त्यांना बरं वाटेल, असं मला कुठूनच वाटत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. हे वाचणारं कोणी विरारला राहत असेल, बोळिंजकडे येणंजाणं असेल, तर एक कराल का? तलावाकडून आत वळलं की डाव्या हाताची तिसरी बिल्डिंग, तळमजल्यावर अजूनही केबलवाल्याचं ऑफिस आहे. तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार. बेल वाजवा आणि जरा थांबा, त्यांना यायला वेळ लागेल. माझं नाव नाही सांगितलंत तरी चालेल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही, तुम्हाला जे सुचेल ते तुमचं बोला. फक्त ते स्वतः कडी काढून दारात येतात का, तेवढं बघा. आणि दाराशी पेपर साठलेले असतील, तर बेल पुन्हा वाजवा.